मरणावरून मोजलेला जन्म

डिसेंबर उजाडला की तो निरोप मोबाईलवर येतोच. २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस नाही, तो रोमन सूर्यदेवाचा सण, कॉन्स्टंटाईन बादशहाने तो ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात बांधला. पाठवणारे बहुतेक माझे मित्रच असतात आणि त्यांच्या मनात वाकडे काही नसते. मला लागते ते वेगळेच. वसईतल्या आमच्या आळीत, नात्यातल्याच एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी घरापुढे चांदणी लावायचे सोडले. कुणा प्रवचनकाराने त्यांना सांगितले, नाताळ ही मूर्तिपूजकांची उष्टावळ आहे, खऱ्या विश्वासणाऱ्याने तिला शिवू नये. तेव्हापासून त्या एका ओट्यावर नाताळात दिवा नसतो. त्या घरातली आजी मध्यरात्रीच्या मिस्सेला निघालेल्या आम्हा सगळ्यांकडे खिडकीतून बघत राहते. मी हे लिहितो आहे ते मुख्यतः तिच्यासाठी.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदी पोकळ नाही. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख नाही, महिनाही नाही. मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. पहिली दोनशे वर्षे ख्रिस्ती लोक असा काही सण पाळत होते याला पुरावा नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तर बजावले होते की पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद, नीतिमान माणसे नव्हेत. दुसरीकडे रोममध्ये डिसेंबरात सॅटर्नेलिया या सणाचा जल्लोष असे. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले. रोमन पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस मानला जाई. पहिल्या शतकातल्या प्लिनीनेही तसेच लिहून ठेवले आहे. एवढे सगळे एकापुढे एक मांडले की कुणालाही वाटेल, सण उचललेला दिसतो.

सॅटर्नेलियापाशी फार थांबायला नको. तो १७ डिसेंबरला सुरू होई आणि कितीही लांबला तरी २३ ला आटोपे. मिथ्रा या देवाचेही नाव या वादात घेतले जाते, पण त्याचा जन्म २५ डिसेंबरला झाला असे सांगणारा तर एकही प्राचीन लेख नाही. त्याच्या गुहामंदिरांतली शिल्पे त्याला खडकातून वर येताना दाखवतात, एका हातात सुरा, दुसऱ्यात मशाल. बाकीचे सगळे मागाहून लोकांनी चिकटवलेले आहे.

खरा मुद्दा सूर्याचा आहे आणि तिथे घाई करून चालणार नाही. ३५४ साली रोममध्ये फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने व्हॅलेंटिनस नावाच्या गृहस्थासाठी एक पंचांगवजा ग्रंथ तयार केला. मूळ पोथी गेली. आपण वाचतो त्या तिच्या नकलांच्या नकला. त्यातल्या सरकारी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्या’च्या जन्मदिवसाची आणि रथांच्या ३० शर्यतींची नोंद आहे. सूर्य हा शब्द तिथे नाही, तरी रोख त्याच्याकडेच असणार. आता याच ग्रंथाची पाने पुढे उलटा. रोममध्ये पुरलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची यादी लागते. तिच्या पहिल्याच ओळीत, त्याच तारखेला, यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे. अभ्यासक ही यादी ३३६ च्या सुमाराची धरतात.

म्हणजे सूर्याच्या या सणाचा तारखेसह पक्का उल्लेख आणि नाताळचा पक्का उल्लेख एकाच बाडात बांधलेले आहेत, आणि त्यातला जुना ठरतो तो ख्रिस्ती यादीचा. ऑरेलियनच्या मंदिराचे उद्घाटन २५ डिसेंबरला झाले, हे त्याच्या काळच्या कुठल्याही लेखात नाही. ३५४ च्या नोंदीवरून मागे जाऊन काढलेले ते अनुमान आहे. सूर्याचे मोठे खेळ याच दिनदर्शिकेत १९ ते २२ ऑक्टोबरला येतात आणि शेवटच्या दिवशी ३६ शर्यती असतात, डिसेंबरापेक्षा जास्त. सूर्यभक्तांना आपल्याकडे ओढण्यासाठी सण उचलायचा होता, तर थोरला सोडून धाकटा का उचलला? कोणी कोणाचे पाहून तारीख धरली हे या पुराव्यावरून ठरत नाही, आणि ठरत नाही तोवर चोरीचा आळ घेणे हा अन्याय आहे.

कॉन्स्टंटाईनचे नाव यात येते कसे, हेच मला समजत नाही. त्याने ३२१ साली रविवारची सुट्टी जाहीर केली, हे खरे. ३२५ च्या नायसिया परिषदेत ईस्टरच्या तारखेचा वाद मिटवला गेला, हेही खरे. पण नाताळबद्दल त्याचा एकही हुकूम नाही. त्याने वसवलेल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये हा सण रुजला तो त्याच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी. अँटिऑकमध्ये ३८६ साली योहान क्रिसोस्तम प्रवचनात सांगतो की आपल्याकडे हा दिवस येऊन दहा वर्षेही झालेली नाहीत. बादशहाचे फर्मान असते तर त्याच्या राजधानीला इतका उशीर झाला नसता. उत्तर आफ्रिकेतून आणखी एक धागा मिळतो. तिथले दोनातवादी ३११-१२ च्या सुमारास मुख्य ख्रिस्तसभेपासून फुटले. ते पूर्वेकडून आलेला ६ जानेवारीचा सण पाळत नाहीत म्हणून पुढे बिशप ऑगस्टिनने त्यांना दूषण दिले. २५ डिसेंबरबद्दल मात्र तो काहीच तक्रार करत नाही. यावरून काही अभ्यासक म्हणतात की फूट पडण्याआधीच, म्हणजे ख्रिस्ती माणसाला सिंहासनाचा आधार मिळण्याआधीच, आफ्रिकेत नाताळ पाळला जात असावा. मला हे पटते. जी मंडळी बादशहाच्या मर्जीतली सभा नाकारून बाहेर पडली, ती त्याच्या मर्जीतला सण कशाला घेतील?

मग हा आरोप आला कुठून? बाहेरच्यांकडून नव्हे. बाराव्या शतकातल्या एका सिरियन ख्रिस्ती हस्तलिखिताच्या समासात कुणीतरी टीप लिहिली की सूर्याच्या सणामुळे पाश्चात्त्यांनी ख्रिस्तजन्माची ६ जानेवारीची तारीख २५ डिसेंबरवर आणली.  पुढे प्युरिटन पंथीयांनी हाच मुद्दा रोमन परंपरेविरुद्ध वापरला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. आमच्या आळीतल्या त्या घराला जे सांगितले गेले, ते भावाभावांच्या जुन्या भांडणातले एक वाक्य आहे, आणि त्यावर एका म्हातारीच्या दारातला दिवा विझला.

सूर्याशी आमचा काही संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मलाखी संदेष्ट्याने येणाऱ्या तारणाला सूर्याची उपमा दिली होती आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी ती मनापासून घेतली. रोमच्या संत पीटर महामंदिराखाली एका जुन्या कबरीच्या छतावर रथात उभ्या असलेल्या, डोक्यामागे किरणे फाकलेल्या पुरुषाचे कुट्टिमचित्र आहे. अनेकांच्या मते तो सूर्यरूपातला ख्रिस्त. पाचव्या शतकात पोप लिओला नाताळच्या प्रवचनात एक दुखणे सांगावे लागले. सकाळी मिस्सेला येणारे लोक महामंदिराच्या पायऱ्या चढून वर येतात, दारात शिरण्याआधी पाठ फिरवतात आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. लिओ त्यांच्यावर रागावला. मी त्या पायऱ्यांवरच्या माणसांचा विचार करतो. थंडीत चढून आलेली, धाप लागलेली, पूर्वेला उजाडताना पाहून नकळत वाकलेली. त्यांचे वाकणे चुकीचे होते, पण त्यांनी सण चोरला नव्हता.

आकाश सगळ्यांचे सारखे आहे. भीष्म शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहत पडून राहिले. दिवस मोठा होऊ लागला की आम्ही तीळगूळ वाटतो. कुणी म्हणत नाही की एकाने दुसऱ्याचे उत्तरायण पळवले. माझी आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नारळाच्या करवंट्यांत नाचणी पेरायची आणि पोत्याखाली अंधारात ठेवायची. चार-पाच दिवसांनी पोते उचलले की पिवळसर, दोऱ्यासारखे कोंब एकमेकांना टेकून उभे दिसायचे. मग करवंट्या उन्हात जायच्या, कोंब हिरवे व्हायचे आणि नाताळच्या आदल्या रात्री ते गोठ्यातल्या गव्हाणीभोवती मांडले जायचे. शेजारच्या काकू ते पाहून म्हणायच्या, अगदी आमच्या घटासारखे. आई हसून हो म्हणायची. घटस्थापनेची रुजवण आणि आमची रुजवण दिसायला बहिणी आहेत. काय म्हणून पेरले, हे ज्या त्या घरातल्या आईला विचारावे लागते.

आमच्यापैकी जे हट्टाने म्हणतात की येशू खरोखरच २५ डिसेंबरला जन्मला, त्यांच्याशीही माझे जमत नाही. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लोकांनी सुचवलेल्या तारखा नोंदवतो. त्या एप्रिल-मेमधल्या आहेत, आणि त्यांत २५ डिसेंबर नाही. जन्माची नोंद कुणी ठेवली नव्हती, गरिबाघरच्या बाळाची कोण ठेवणार? तारखेच्या खरेपणावर श्रद्धा उभी केली की पहिल्या निरोपाला ती डगमगते.

तर मग ही तारीख आली कशी? मला सर्वांत सबळ वाटते ते उत्तर लुई ड्यूशेन या फ्रेंच इतिहासकाराने १८८९ साली मांडले. पहिल्या ख्रिस्ती लोकांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, पण मरणाचे दिवस त्यांनी जपले होते. येशू वल्हांडणाच्या सणात क्रूसावर मेला. इ. स. २०० च्या सुमारास तेर्तुलियनच्या लेखनात त्या मरणाची रोमन तारीख २५ मार्च अशी येते. त्या काळी एक समजूत होती की पूर्ण पुरुषाचे आयुष्य अपुऱ्या वर्षांचे नसते, ज्या तिथीला ते सुरू होते त्याच तिथीला संपते. ज्यू परंपरेत मोशेचा जन्म आणि मृत्यू अदार महिन्याच्या सातव्या दिवशीच मानतात. आपल्याला यात नवल वाटू नये. भगवान बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण वैशाखी पौर्णिमेलाच झाले, असे मानून आपल्याकडे बुद्धपौर्णिमा पाळतात. तसाच येशू मारियेच्या उदरी आला तो दिवसही २५ मार्च ठरला. त्यापुढे नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर. पूर्वेकडे काहींनी मरणाची तारीख ६ एप्रिल धरली होती. तिथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी, आणि आर्मेनियन ख्रिस्ती आजही त्याच दिवशी जन्मोत्सव करतात. दोन वेगळ्या तारखा एकाच हिशेबाने सुटतात. सूर्याच्या सणावरून ६ जानेवारी सुटत नाही.

मूळ तारीखच चुकलेली असू शकते. आजचे अभ्यासक क्रूसमरणासाठी बहुधा ७ एप्रिल ३० किंवा ३ एप्रिल ३३ यांकडे झुकतात. पण तारीख चुकली तरी मोजण्याची दिशा चुकली नाही, आणि सणाचा अर्थ मला त्या दिशेत सापडतो. हे लोक पाळण्यापासून क्रूसाकडे आले नाहीत. ते क्रूसापाशी उभे होते आणि तिथून मागे वळून विचारत होते की हा आपल्यात आला कधी. ऑगस्टिनने ही दोन टोके एकत्र धरली: ज्या उदरात आधी कुणी राहिले नव्हते ते उदर, आणि जिच्यात आधी कुणाला ठेवले नव्हते ती नवी कबर.

२०१६ साली गुड फ्रायडे २५ मार्चला आला होता. एरवी त्या दिवशी मारियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचा सण असतो. त्या वर्षी तो ४ एप्रिलला ढकलला गेला. वेदी उघडी केली होती, फुले नव्हती, घंटा नव्हती. क्रूसाचे चुंबन घ्यायला रांगेत उभा असताना मला एकदम जाणवले की जुन्या हिशेबाप्रमाणे आजच तो मारियेच्या पोटीही आला. पुढे एक पोटुशी बाई होती. ती कठड्याला धरून वाकली, क्रूसाच्या पायांना ओठ लावले आणि हळूच उठली. त्या दिवसापासून नाताळची तारीख माझ्यासाठी वादाचा विषय राहिली नाही.

आता पुन्हा त्या ३५४ च्या ग्रंथातली यादी काढा. ख्रिस्तजन्माच्या ओळीनंतर लगेच २० जानेवारी येते: फाबियन, कॅलिस्टसच्या दफनभूमीत, सेबॅस्टियन, कॅटॅकुंबात. मग पुढचे, आणि पुढचे. दिवस, नाव, कुठे पुरले. रोमचे ख्रिस्ती हुतात्म्याच्या मरणदिनाला ‘नातालिस’, जन्मदिन म्हणत. याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीज ‘नाताल’ झाला आणि त्यातून आपला नाताळ. वर्षभर कुठल्या दिवशी कुठल्या थडग्यापाशी जमायचे याची ती यादी, आणि तिच्या माथ्यावर एक बाळ आहे. बाकीच्यांच्या नावापुढे त्यांच्या कबरी आहेत. त्याच्या नावापुढे बेथलेहेम आहे.

ख्रिस्तसभेने हे विसरू दिलेले नाही. मागी लोकांनी आणलेल्या भेटींत सोने आणि ऊद होता, तसा प्रेताला लावायचा गंधरसही होता. पूर्वेकडच्या चित्रांत गव्हाणी पेटीसारखी आणि बाळंते कफनासारखे काढतात. आणि नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडांनी ठेचून मारलेल्या संत स्तेफनाचा सण येतो. त्या सकाळच्या मिस्सेला गर्दी नसते. रात्रभर जागलेले लोक झोपलेले असतात, गोठ्यातली नाचणी थोडी कलंडलेली असते आणि फादर लाल वस्त्रे घालून वेदीकडे जातात, रक्ताचा रंग अंगावर घेऊन, गव्हाणीतल्या बाळाच्या अगदी जवळून. यंदा त्या मिस्सेला मी आजीला न्यायला तिच्या दारी जाणार आहे. चर्च तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तिला माझ्या हाताचा आधार पुरतो.