निशोत्तराची पारख

बेंगळूरुची लालबाग हैदरअलीने १७६० साली लावविली, हे सर्वश्रुत आहे. टिपूच्या पाडावानंतर, १८०० च्या सुमारास, ती बाग काही काळ बेंजामिन हाइने ह्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतून उपयुक्त झाडे आणवून ती येथे जोपासावी, असा त्या योजनेचा हेतू होता. हाइनेने पुढे १८१४ साली आपले निबंध लंडनला प्रसिद्ध केले, त्यांत हिंदू वैद्यकावरही लेखन आहे. एखाद्या परकीय वनस्पतिशास्त्रज्ञाने वैद्यकाच्या पोथ्यांत डोकावावे, ह्याला केवळ जिज्ञासा हे कारण नव्हते. त्या काळच्या पाश्चात्त्य वैद्यकात रक्त काढणे आणि रेच देणे हे दोन हुकमी उपाय होते. रेचासाठी लागणारा जालप नावाचा कंद मेक्सिकोहून युरोपात व तेथून शिडाच्या जहाजाने हिंदुस्थानात येई. तेव्हा त्याच्या जोडीचे मूळ येथील रानातच सापडले, तर कोणास नको होते?

ते मूळ येथे होतेच. मराठीत त्या वेलीला निशोत्तर किंवा तेड म्हणतात. कानडी मुलखात तिगडे हे नाव आहे. संस्कृतात ती त्रिवृत. कोवळी वेल हातात घेऊन पाहिली तर खोडाला तीन कडा जाणवतात, आणि नावाचा उलगडा तेथेच होतो. फुले पांढरी, कर्ण्याच्या आकाराची. फळाभोवती मोठ्या संदलांचे वेष्टन. रताळे आणि जालप ज्या कुळातील, त्याच कुळातील ही वेल होय. चरकाने श्रेष्ठ द्रव्यांची जी यादी दिली आहे तीत सुखाने रेच घडविणाऱ्या द्रव्यांत त्रिवृताला, सौम्य रेचकांत बहाव्याला आणि तीक्ष्ण रेचकांत निवडुंगाच्या चिकाला पहिला मान दिला आहे. (चैत्र-वैशाखात बेंगळूरुच्या रस्त्यांवर पिवळ्या घोसांनी लवलेला बहावा पाहून त्याच्या शेंगेतील गराची आठवण किती जणांस होत असेल, कोण जाणे.) अरबांनी ही मुळी पश्चिमेकडे नेली आणि त्रिवृताचे ‘तुर्बुद’ झाले. युरोपात पोहोचता पोहोचता ते ‘टर्पेथ’ झाले, आणि पुढे पाऱ्याच्या एका पिवळ्या क्षारालाही तेच नाव चिकटले.

मुळीतील कार्यकारी द्रव्य म्हणजे तिच्या सालीतील राळ. ती आतड्यास चेतविते, आतड्यात पाणी सुटते आणि ढाळ होतात. पोटात मुरडा येऊ नये म्हणून आपले वैद्य तिच्यासोबत सुंठ व सैंधव देत. मौजेची गोष्ट अशी की, इंग्रजी औषधिकोशातील जालपाच्या संयुक्त चूर्णातही सुंठ असे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन परंपरांना एकाच जातीच्या राळेने एकच धडा शिकविला.

असे असूनही निशोत्तराला आधुनिक वैद्यकात मानाचे स्थान मिळाले नाही. ऐन्स्लीने तिची नोंद घेतली. पुढे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनाचे प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी ह्यांनी देशी औषधांची तपासणी करून १८४२ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिच्यावर प्रतिकूल निकाल दिला. तिचा परिणाम इतका अनिश्चित आहे की, औषधिकोशात तिला जागा देणे योग्य नाही, असा त्याचा आशय होता. ओशॉनेसी हा काही देशी औषधांचा द्वेष्टा नव्हता. पटकीच्या रोग्याच्या शरीरातून पाणी व क्षार निघून जातात हे त्याने १८३१-३२ साली रक्ताची परीक्षा करून दाखविले होते, आणि तेही अशा काळी की, पटकीच्या रोग्यालाच रेच देणारे डॉक्टर कमी नव्हते. शरीरातील पाणी हरवणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके थोड्यांनाच कळले असेल. म्हणून त्याचे मत झिडकारून चालणार नाही. तरीही तो निकाल अपुरा होता, असे म्हणणे भाग आहे.

‘अनिश्चित’ कोण? वेल की बाजार? हा प्रश्न त्या निकालात विचारलेलाच दिसत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात निशोत्तर मागितली असता पुडीत काय पडेल ह्याची शाश्वती नसते. पांढरी निशोत्तर म्हणून पुष्कळदा मार्सडेनिया टेनॅसिसिमा ह्या वेलीचे तुकडे विकले जातात. ही वेल रुईच्या कुळातील. तिच्या चिवट वाखापासून राजमहालच्या टेकड्यांत धनुष्याची दोरी करीत असत. रेचक राळेशी तिचा संबंध नाही. शिवाय खऱ्या मुळीतही भेद आहेत. काळी व तांबूस असे दोन प्रकार ग्रंथांतच सांगितले असून काळीला अधिक उग्र मानले आहे. मुळीचा गाभा काढून साल तेवढी घ्यावी असा दंडक आहे. तो न पाळता वजनासाठी सगळेच कुटले तर राळेचे प्रमाण घटणारच. एका पुडीने काहीच होऊ नये आणि दुसरीने रोगी गळून जावा, ह्यात मग आश्चर्य ते काय? मुंबईचे डायमॉक, कलकत्त्याचे वॉर्डन आणि उटीचे हूपर ह्यांनी १८९० ते १८९३ ह्या काळात आपला थोर ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा मुळीचे वर्णन, तिचा छेद आणि तिचे रसायन ह्यांकडे लक्ष दिले. त्यानंतर १९०० सालच्या ब्रिटिश औषधिकोशाच्या हिंदी पुरवणीत टर्पेथला प्रवेशही मिळाला. वेल तीच होती. पाहण्याची रीत बदलली होती.

आज रेचकाचे एवढे अगत्य कशाला, असे कोणी विचारील. महिन्यातून एकदा एरंडेल पाजून पोरांची पोटे ‘साफ’ करण्याचा रिवाज गेला, हे बरेच झाले. पोटात दुखत असता रेच देणे आंत्रपुच्छाच्या विकारात प्राणावर बेतू शकते. परंतु निशोत्तर घराघरातून गेलेली नाही. आम्लपित्तावर प्रसिद्ध असलेल्या अविपत्तिकर चूर्णाचा पाठ पाहावा: अकरा द्रव्ये प्रत्येकी एक भाग, लवंग अकरा भाग, त्रिवृत चव्वेचाळीस भाग आणि साखर सहासष्ट भाग. एकूण एकशे बत्तीस भागांत एकतृतीयांश निशोत्तर आहे. हे चूर्ण वैद्याला न विचारता महिनोन्‌महिने घेणाऱ्यास आपण रोज रेचक घेत आहो ह्याची जाणीवही नसते. गर्भवतीने, लहान मुलाने, क्षीण वृद्धाने ते असे घेणे धोक्याचे आहे. डबीवर घटकांची नावे बारीक अक्षरांत छापून कर्तव्य संपत नाही. ‘यात रेचक आहे’ हे ठळक मराठीत, कानडीत, ज्याच्या त्याच्या भाषेत छापले गेले पाहिजे.

हे झाले खऱ्या मुळीविषयी. पुडीत मुळी खोटी असेल, तर औषधच नाही. ह्या ओळखीच्या कामात बेंगळूरुने पुन्हा एकदा भाग घेतला आहे. लोकारोग्याच्या परंपरांसाठी १९९३ पासून काम करणाऱ्या एफ. आर. एल. एच. टी. ह्या संस्थेने शहराच्या उत्तरेस येलहंक्याजवळ औषधी वनस्पतींचा शुष्क संग्रह आणि बाजारातील कच्च्या द्रव्यांचा संग्रह उभा केला आहे. रानातून नाव पटवून आणलेला नमुना आणि दुकानातून आणलेली मुळी शेजारी शेजारी ठेवून पाहता येणे, हे वरवर साधे काम आहे. पण ओशॉनेसीच्या हाती असे साधन असते तर त्याचा निकाल कदाचित वेगळा लागता. खऱ्या मुळीच्या आडव्या छेदात राळेच्या पेशी आणि सालीत विखुरलेले काष्ठाचे पुंज दिसतात. शाळेतील सूक्ष्मदर्शकाखालीही हे पाहता येण्याजोगे आहे, आणि एखाद्या शिक्षकाने ते मुलांस दाखविले तर पाठ्यपुस्तकातील एक धडा कमी शिकविला तरी चालेल!

परंपरेचे अभिमानी म्हणतात, दोन हजार वर्षांच्या अनुभवास प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज काय? तो अनुभव ज्या मुळीचा होता, तीच आज पुडीत असेल तर त्यांच्या म्हणण्यास काही अर्थ आहे. ती नसेल तर चरकाची साक्ष काढणे व्यर्थ होय. उलट, सारेच थोतांड समजणाऱ्यांनीही आपला प्रयोग कोणत्या मुळीवर झाला हे आधी सांगावे.

राहिला प्रश्न पुरवठ्याचा. वेद आणि गोराया ह्यांच्या २००८ सालच्या अहवालात व्यापारातील ९६० औषधी वनस्पती नोंदल्या असून त्यांपैकी १७८ जातींची वार्षिक उलाढाल प्रत्येकी शंभर टनांहून अधिक आहे. पाने वा फळे तोडली तर झाड राहते. निशोत्तराची मुळी खणली की वेल संपते. तेव्हा ती शेतात लावणे हाच मार्ग उरतो. पण लावणाऱ्यास खऱ्या मुळीचा भाव वेगळा मिळाला पाहिजे. मार्सडेनियाच्या तुकड्यांना आणि निशोत्तराला एकाच तराजूत एकच दर देणारा व्यापारी जोवर आहे, तोवर तीन कडांची ही वेल मुद्दाम कुंपणावर चढविण्याची बुद्धी कोणत्याही शेतकऱ्यास होणार नाही.