बैठकीचा रोजमेळ

व्यापारी पेढीत पैशाचा हिशेब काटेकोर असतो. गल्ला मोजून रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान वाढवले जात नाही. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत खर्ची पडलेल्या वेळेची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. नऊ माणसे दीड तास बसली, तर साडेतेरा तासांचे काम थांबते. म्हणजे एका माणसाचे दीड दिवसाहून अधिक. या खर्चाच्या बदल्यात हाती काय आले, हे मालकाने प्रत्येक बैठकीनंतर तपासावयास हवे.

इंग्रज लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका समितीचे मार्मिक चित्र रेखाटले आहे. अणुभट्टीचा अवाढव्य खर्च अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण तो विषय बहुतेकांच्या आकलनाबाहेरचा असतो; सायकलींच्या शेडवर मात्र पाऊण तास चर्चा रंगते. पेढीतही निराळे घडत नाही. दिवाळीला मिठाई द्यावी की सुकामेवा, यावर प्रत्येकाला मत असते. सहा महिने थकलेल्या उधारीचा विषय शेवटी येतो, तेव्हा सर्वांचे लक्ष घड्याळाकडे असते.

यावर पहिला उपाय म्हणजे विषयपत्रिका. कंपनी कायदा, २०१३ अन्वये संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना सर्वसाधारणपणे किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. भागीदारी वा एकल मालकीच्या पेढीस हे बंधन नाही; परंतु त्यामागील शिस्त घेण्यासारखी आहे. आदल्या दिवशी विषय कळले, तर वसुली पाहणारा आपली यादी घेऊन येतो. विषय प्रश्नरूपाने लिहावा. ‘उधारी’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘९० दिवसांपुढे बाकी असलेल्या ग्राहकांना नवा माल द्यावा काय?’ असे लिहिले, की उत्तर द्यावेच लागते. सर्वांत जड विषय प्रथम घ्यावा.

दुसरी गोष्ट उपस्थितीची. ‘इंटेल’चे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या आपल्या व्यवस्थापनविषयक ग्रंथात निर्णयासाठीच्या बैठकीत सहा-सात जणांहून अधिक नसावेत, असे मत मांडले आहे. जीएसटी विवरणाच्या चर्चेत गोदामातील माणसांना बसवून ठेवण्याचे कारण नाही. मालाच्या तुटीची चर्चा मात्र त्यांच्यावाचून व्यर्थ आहे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शेठजींनी प्रथम मत दिले, की चर्चा संपते. उरलेले लोक माना डोलावतात आणि खरे बोलणे जिन्यात होते. भारतीय सैन्याच्या कोर्ट मार्शलमध्ये सर्वांत कनिष्ठ सदस्याचे मत आधी घेण्याचा नियम आहे, तो याच कारणास्तव. काउंटरवरील नव्या मुलाला ग्राहक कोणता माल परत आणतो, हे मालकाआधी ठाऊक असते. त्याला प्रथम बोलू द्यावे आणि त्याने वाईट बातमी दिली, तर त्याच्यावर रागावू नये. एकदा रागावल्यास ती बातमी पुढल्या वेळी नुकसानीच्या रूपानेच कळते.

शेवटची बाब नोंदीची. ‘बिले लवकर भागवावीत’ हा निर्णय नव्हे, ती केवळ इच्छा होय. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. मुदत उलटून रक्कम ३१ मार्चपर्यंत थकली, तर आयकरासाठी ती त्या वर्षीचा खर्च म्हणून मिळत नाही. म्हणून वहीत तीन रकाने असावेत: काय करावयाचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘अशा पुरवठादारांची यादी, मुनीमजी, १० तारीख’ एवढी एक ओळ पुरे. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असे लिहिले, तर कोणीच लक्ष ठेवीत नाही.

पुढील बैठक याच ओळी वाचून सुरू करावी. झालेल्या कामापुढे खूण करावी आणि राहिलेल्या कामास नवी तारीख द्यावी. ज्या आठवड्यात ठरवण्याजोगा एकही प्रश्न नसेल, त्या आठवड्यात बैठक घेऊ नये. फळ्यावर सूचना लिहून माणसांना ग्राहकांकडे जाऊ द्यावे.