ओंडके वरूनच मोजून सोडा

अमेरिकेतल्या सेंट क्रॉई नदीत १८८६च्या उन्हाळ्यात ओंडक्यांची प्रचंड कोंडी झाली. जंगलात तोडलेली लाकडे प्रवाहात सोडून गिरण्यांपर्यंत न्यायची, ही तिथली रीत. टेलर्स फॉल्सजवळ कड्यांमधल्या अरुंद वळणावर सगळे अडकले. माणसे, बोटी, सुरुंग लावूनही पात्र मोकळे व्हायला कित्येक आठवडे गेले. कळीचा एक ओंडका निघाला की कोंडी फुटते, असा समज आजही आहे. लाकूडवाल्यांनी मात्र १८९०पर्यंत वरच्या अंगाला नेव्हर्स धरण बांधले आणि ओंडके बेताबेताने खाली सोडायला सुरुवात केली.

आपल्या न्यायालयांत पाच कोटींवर प्रकरणे तुंबली आहेत आणि आपण अजून कळीचा ओंडकाच शोधतो आहोत. न्यायाधीश वाढवा, ही मागणी रास्तच. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश सुचवले, आपण त्याच्या निम्म्यावरही नाही. पण वरून काय वाहत येते? चेक न वटणे १९८९पासून फौजदारी गुन्हा झाला. २०१९अखेर प्रलंबित २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख निव्वळ चेकचे होते. वसुलीचे काम दंडाधिकाऱ्याच्या गळ्यात पडले, ते असे.

यावर व्यापारी म्हणतील, तुरुंगाची भीती गेली तर उधारी बुडेल. २०२०मध्ये शिक्षा काढण्याचा केंद्राचा प्रस्ताव याच विरोधापुढे बारगळला, आणि त्यांची भीती खोटी नाही. शिक्षा राहू द्या. नोटिशीनंतर पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात, त्यानंतर तक्रारीला एक महिना. त्या महिन्यात मध्यस्थी सक्तीची करा. व्यापारी दाव्यांत, तातडीचा आदेश नको असेल तर, दाव्याआधी मध्यस्थी २०१८पासून सक्तीची आहेच. हा आणखी एक हेलपाटा होईल, हा आक्षेप बुडव्या ऋणकोपुरता खरा आहे. त्याच्यावर खटला चालवावाच लागेल. पण तडजोड शक्य असलेली प्रकरणेही उशिरा मिटतात. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दामोदर प्रभू खटल्यात उशिरा तडजोड करणाऱ्यावर चढता खर्च बसवला: दंडाधिकाऱ्यापुढे रकमेच्या १० टक्के, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ताणले तर २० टक्के. जी तडजोड अखेर व्हायचीच, ती खटल्याला क्रमांक पडण्याआधी व्हायला काय हरकत आहे?