ऋतु पंचांगांतले आणि रानांतले

आमच्या मासिकांतून शिशिर आला कीं पानें गळतात, सृष्टि विरक्त होते आणि लेखकाला आयुष्याची संध्याकाळ आठवूं लागते. हा शिशिर कोठला, असा प्रश्न संपादकमहाशयांना कधींच पडत नाहीं काय? पंचांगाप्रमाणें माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. नेमक्या याच दिवसांत सह्याद्रीच्या उतारांवर कांटेसावर, पांगारा आणि पळस पानें टाकून नखशिखांत तांबडे फुलतात. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची त्या फुलांवर झुंबड उडालेली असते. याला वैराग्य म्हणावयाचें, तर विलास कशाला म्हणावें?

वर्षाऋतूची कथा याहून वाईट. पंचांगांत तो श्रावण-भाद्रपदाचा; आपला पाऊस बहुधा ज्येष्ठांतच दाराशीं येतो. हा हिशेब शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता. म्हणून त्यानें सूर्याच्या नक्षत्रांवर आपलें गणित बसविलें. मृगाचा, आर्द्रेचा, मघांचा, हत्तीचा, अशा प्रत्येक पावसाचा स्वभाव त्याला ठाऊक. ज्याला आपण अडाणी म्हणतों त्याच्यापुढें, गरजणारे मेघ आणि नाचणारे मयूर एवढ्यावर भागविणारा आमचा सुशिक्षित लेखक किती दरिद्री दिसतो!

कोणी म्हणेल, संकेत हें काव्याचें धन आहे. त्याला शास्त्राचा गज लावूं नये. मान्य. परंतु संकेत प्रथम कोणाच्या तरी डोळ्यांनीं पाहिलेला असतो. आम्ही तो वापरतों ते पाहण्याचे कष्ट वांचविण्यासाठीं. 'कोकिळा गाते' असें आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलों. गातो तो काळा नर. ठिपकेदार मादीच्या कंठांतून निघते ती नुसती किक्‌-किक्‌. दुर्गा भागवतांचें 'ऋतुचक्र' १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. तें सहा ऋतूंचें नव्हे, बारा महिन्यांचें पुस्तक आहे. त्याची स्तुति पुष्कळांनीं केली. अनुकरण मात्र झालें तें त्याच्या भाषेचें, पाहण्याचें नव्हे.

हा केवळ अभिरुचीचा वाद नाहीं. भारतीय हवामान विभागानें २०२० सालीं, मुंबईंतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. ऋतु डोळ्यांदेखत सरकत आहेत आणि त्याची नोंद साहित्यांत शोधूं जावें तर ती सांपडत नाहीं. आश्विनांत कोंकणांतलें पिकलेलें भात पाण्यांत आडवें पडलें, तरी आमच्या दिवाळी अंकांत निरभ्र शरच्चंद्र ठरल्या वेळीं उगवतोच; कारण तो मजकूर बहुधा श्रावणांतच छापखान्याकडे रवाना झालेला असतो.