हरवलेल्या विमानाची हाक

३ जून २०१९ रोजी हवाई दलाचे एएन-३२ जातीचे विमान आसामातील जोरहाटहून अरुणाचलातील मेचुकाकडे निघाले आणि तेरा जणांसह दिसेनासे झाले. सुखोई विमाने, हेलिकॉप्टर, नौदलाचे टेहळणी विमान, इस्रोचे उपग्रह अशी सारी यंत्रणा कामाला लागली; अवशेष दिसले ते ११ जूनला. तेरापैकी कोणीही वाचले नव्हते. खिशातला मोबाइल कुठे आहे ते कळते, मग एवढे मोठे विमान कुठे पडले ते का कळू नये, असा प्रश्न अशा वेळी घरोघरी विचारला जातो. प्रश्न भाबडा वाटला तरी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण विमानाच्या शेपटीकडे बसवलेल्या एका छोट्या पेटीपाशी येऊन पोहोचतो. तिचे नाव ‘इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर’.

या पेटीचा जन्मच एका करुण घटनेतून झाला. १९६७ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक लहान विमान कोसळले. त्यातली माणसे पडताक्षणी मेली नव्हती. शोध थांबल्यावरही त्यांतली काही जण आठवडेच्या आठवडे जिवंत होती, हे मागे सापडलेल्या टिपणांवरून कळले. १९७० मध्ये अमेरिकेने कायदा करून लहान विमानांना ही पेटी सक्तीची केली.

पेटीचे काम साधे आहे. जोराचा धक्का बसला की आतला स्विच आपोआप चालू होतो आणि रेडिओ-संदेश सुटू लागतो. पूर्वी तो १२१.५ मेगाहर्ट्झवर जाई. त्यात ‘मी कोण’ हे सांगण्याची सोय नव्हती आणि खोट्या हाकांचा सुळसुळाट होता. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी तो ऐकणेच बंद केले. आता ४०६ मेगाहर्ट्झवर दर पन्नास सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश जातो आणि त्यात पेटीचा स्वतःचा क्रमांक असतो. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, त्याच तत्त्वावर फिरता उपग्रह संदेशाचे ठिकाण ताडतो. पेटीत जीपीएस असेल तर ते थेटच कळते. १९८२ पासून उपग्रहांच्या साह्याने चालणाऱ्या या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारतही आहे. इस्रोची केंद्रे बंगळूर व लखनौ येथे हे संदेश टिपतात.

मग घोडे अडते कुठे? माझ्या मते दोष मूळ कल्पनेतच आहे. विमान मोडेल, पण पेटी, तिची तार आणि अँटेना शाबूत राहतील, असे यात गृहीत धरले आहे. ९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्कात माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचे विमान डोंगरावर आदळले. पेटी चालूही झाली होती. पण ती कोंदणातून निसटली, अँटेनाची तार तुटली आणि हाक कोणालाच ऐकू गेली नाही. पाच जण गेले आणि वाचलेल्या चौघांना ती रात्र डोंगरावरच काढावी लागली. चालू झालेली पेटी पहिला संदेश पाठवण्यापूर्वी बहुधा पाऊण मिनिटाहून अधिक थांबते. तेवढ्यात आगीने तिला गाठले तर संपलेच. विमान समुद्रात बुडाले तर हे रेडिओतरंग खाऱ्या पाण्यातून वर येत नाहीत. ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच-३७० वर अशा चार पेट्या होत्या; एकीचाही संदेश आला नाही. बंगालच्या उपसागरावर २२ जुलै २०१६ रोजी २९ जणांसह नाहीशा झालेल्या आपल्या एएन-३२ चे अवशेष २०२४ च्या जानेवारीत सापडले, तेही ३४०० मीटर खोल तळाशी. याशिवाय अरुंद दरीत कड्यांनी आकाश झाकले जाते, बॅटरीची मुदत उलटून गेलेली असते, स्विच बंदच राहिलेला असतो. पेटीची नोंदणीच केलेली नसेल, तर क्रमांक मिळूनही फोन कोणाला करायचा हे शोध घेणाऱ्यांना कळत नाही.

उपाय निघाला आहे. आदळल्यानंतर ओरडण्यापेक्षा संकट दिसताच हवेतूनच ओरडावे, हा नवा विचार आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार २०२४ पासून सेवेत येणाऱ्या, २७ टनांहून जड प्रवासी विमानांनी संकटात आपोआप, मिनिटामिनिटाला आपले ठिकाण कळवायचे आहे. १ जानेवारी २०२५ पासून हा नियम लागू झाला.

पण हा नियम आहे मोठ्या विमानांसाठी. दऱ्याखोऱ्यांतून, ढगांतून वाट काढतात ती लहान विमाने आणि हेलिकॉप्टर. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात शोधायला जवळजवळ एक दिवस लागला. ३० एप्रिल २०११ रोजी अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू निघाले, ते हेलिकॉप्टर ४ मे रोजी सापडले. मुख्यमंत्र्यांची ही गत, तर सामान्य वैमानिकाची काय कथा?

म्हणून मला वाटते, डोंगराळ भागात उडणाऱ्या लहान विमानांना आणि हेलिकॉप्टरना हवेतून ठिकाण कळवणारी यंत्रणा आपण स्वतःहून सक्तीची करावी. तोवर निदान बॅटरी, तार, कोंदण आणि नोंदणी यांची तपासणी कागदापुरती राहू नये. कोसळलेल्या विमानात कोणी जिवंत असेल तर त्याच्यासाठी एकेक तास मोलाचा असतो. आणि कोणीच उरले नसेल, तरी घरच्यांना ते आठव्या दिवशी कळणे आणि त्याच संध्याकाळी कळणे यांत फार मोठे अंतर आहे.