चिमणीचे दार, कावळ्याचा चटका

पुस्तक अवघे बारा पानांचे. जाड पुठ्ठ्याचे, कोपरे गोल केलेले, मुलाने चावले तरी सहसा न फाटणारे. आमच्या अडीच वर्षांच्या नातीला ते कुणीतरी वाढदिवसाला दिले. या बारा पानांवरून आमच्या घरात गेले तीन आठवडे जे चालले आहे त्याला भांडण म्हणवत नाही. पण रात्रीची जेवणे जरा गप्प गप्प होतात, एवढे खरे.

गोष्ट तुमच्याआमच्या ओळखीची, चिऊ-काऊची. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते. तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो आणि चिमणी बाळाचे हे करायचे आहे, ते करायचे आहे, असे सांगत त्याला बाहेर ताटकळत ठेवते. अखेर दार उघडते आणि कुडकुडणाऱ्या पाहुण्याला शेकायला चक्क तव्यावर बसवते. अकराव्या पानावर त्याचे चित्र आहे. लालभडक तवा, उडालेली पिसे, चोच वासून ओरडणारा कावळा आणि शेजारी हसणारी चिमणी.

सूनबाईने पहिल्याच दिवशी ते पान मागच्या पानाला चिमटा लावून बंद केले. मुलाने संध्याकाळी तो काढला. "अगं, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. मी काय कुणाला तव्यावर बसवत फिरतो?" सून म्हणाली, "तू ऐकलीस, पाहिली नाहीस. आणि तिला मी दिवसभर सांगते, तव्याजवळ येऊ नकोस." "मग बरंच आहे की, चटका बसतो हे तिला कळेल!" यावर आम्ही तिघेही हसलो आणि विषय तेवढ्यावर मिटला, असे मला वाटले.

तो मिटला नाही, कारण पुढच्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची चार वर्षांची मुलगी शाळेला सुट्टी असली की आईबरोबर येते. त्या दिवशी पाऊस होता. आई पुढे आत आली, मुलगी चपला काढायला मागे राहिली. आमच्या नातीने दार लोटले आणि आतून गंभीरपणे म्हणाली, "थांब." एकदा नाही, तीनदा. बाहेर ती पोर ओल्या फ्रॉकात उभी. बाई हसल्या, "चिऊताई झाल्यात!" म्हणाल्या. सूनबाई मात्र हसली नाही. रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तुम्हीच सांगा. ज्याचं घर वाहून गेलं त्याला बाहेर उभं करायचं आणि वर हसायचं, हे हिला या वयात का दाखवायचं?"

मला उत्तर चटकन देता आले नाही. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला ती गोष्ट त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी सांगितलेली. त्या गेल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुस्तकाला हात लावला की त्याला आजीला हात लावल्यासारखे वाटते, हे तो बोलून दाखवत नाही इतकेच.

असले वाद काही आपल्याच घरात होतात असे नाही. अमेरिकेत १९६३ साली मॉरिस सेंडॅक यांचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' निघाले. दंगा करणाऱ्या मुलाला आई न जेवता झोपायला पाठवते आणि तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो. पुढल्या वर्षी त्याला चित्रांसाठीचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. तरी १९६९ साली ब्रुनो बेटलहाइम या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली, तीही पुस्तक स्वतः न वाचता. आपल्याकडे गिजुभाई बधेका मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीने भावनगरला बालमंदिर चालवत. लहानग्यांना कल्पित गोष्टी सांगणे बाईंना फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंनी मात्र लोककथा गोळा केल्या आणि मुलांना भरभरून सांगितल्या. मोठमोठ्यांचे जिथे जमले नाही, तिथे आमच्या जेवणाच्या टेबलावर कसे जमावे?

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या माहेरी तवा नव्हताच. माझी आई सांगायची त्यात चिमणी कावळ्याला गरम भात वाढायची. लग्नानंतर सासूबाईंच्या तोंडून तवा ऐकला तेव्हा मी चमकले होते. आणि सासूबाईंचा तवाही रोज सारखा तापत नसे! पोराचा चेहरा पाहून त्या तो कधी नुसता कोमट करत, पोर आजारी असले तर कावळ्याला सरळ गोधडीत घालत. सांगणाऱ्याच्या हाती आच कमीजास्त करण्याची सोय होती. छापलेल्या चित्रात ती नाही. तोंडी तवा क्षणात निघून जातो. चित्रातला तवा मूल वाटेल तितका वेळ पाहत बसते. सून म्हणाली ते हेच होते, आम्हीच ते हसण्यावारी नेले.

म्हणून माझे मत असे की चिमटाही नको आणि पुस्तक नुसते मुलाच्या हाती सोपवणेही नको. या वयाचे पुस्तक वाचणाऱ्याच्या मांडीसकट पुरे होते. छापील मजकूर इमानेइतबारे वाचलाच पाहिजे असा दंडक नाही. गोष्ट आपली आहे, आपल्या आज्यांनी ती वाकवली तशी आपणही वाकवावी. प्रकाशकांनीही चिमणीला हसवताना थोडा विचार करायला हरकत नव्हती. चटका बसावा, पण हसू कशाला?

परवा दुपारी दोघे कामावर असताना नातीला मांडीवर घेतले. अकरावे पान आले. मी भाताचे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती पुढे वाकली आणि कावळ्याच्या शेपटीवर फुंकर घालू लागली. फू, फू, फू. मी विचारले, "हे काय गं?" म्हणाली, "बाऊ झाला." मग पान न उलटता पुन्हा फुंकर. पाहिले तर चित्राचा तेवढा भाग थुंकीने फुगून आला होता; म्हणजे हे आजचे नव्हते. संध्याकाळी मी ते पान दोघांनाही दाखवले. मुलाने बोट फिरवून पाहिले आणि पुस्तक बायकोच्या हातात दिले.