विठाबाईंचे गाणे आणि त्याचा धनी

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे नाव निघाले की सांगणाऱ्याला पहिल्याने आठवते ती त्यांच्या बाळंतपणाची हकिकत. दिवस भरलेले असतानाही त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा येताच पडद्यामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येऊन नाचू लागल्या, ही ती हकिकत. आणि वस्तुस्थिती कळल्यावर प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवला, असे तिचे शेपूटही बहुधा तिला जोडले जाते. ही हकिकत सांगू नये असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या कलावतीने बालपणापासून उतारवयापर्यंत गावोगावच्या रसिकांना रात्र रात्र जागवले, जिच्या नावाची सुपारी ठरली की पंचक्रोशीतल्या बैलगाड्या दिवस मावळण्यापूर्वीच जुंपल्या जात, तिची सारी कीर्ती एका रात्रीच्या वेदनेवर तोलून धरणे म्हणजे तिच्या कर्तृत्वाला करुणेच्या खात्यावर जमा करणे होय. जुन्नर-आंबेगावच्या रसिकांनी विठाबाईंवर जीव टाकला तो त्यांची कीव आली म्हणून नव्हे. त्यांना ते गाणे आवडले म्हणून.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगून पुढे जातो. विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा तमाशाचा फड आधीच नावारूपास आलेला होता. जातीचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फड ज्या गावांत मानाने शिरे, त्याच गावांत त्या जातीची वस्ती वेशीबाहेर असे, हा विरोधाभास त्या काळी कोणास फारसा खटकला नाही आणि आजही आपण तो डोळ्यांआड करतो. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींचा सन्मान विठाबाईंना लाभला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या त्या विपन्नावस्थेत. अखेरच्या दुखण्याचा खर्च भागवण्यासाठी लोकवर्गणीकडे पाहावे लागले. त्यांच्या पश्चात राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. योगीराज बागूल यांनी त्यांचे चरित्रही लिहिले. सन्मानाचा पक्ष असा भरलेला दिसतो. परंतु त्यांच्या गाण्याविषयी साक्षेपाने लिहिलेले किती आहे, हे पाहू गेल्यास हाती फार थोडे लागते.

मीना, कुकडी आणि घोड या नद्यांच्या काठचा जुन्नर-आंबेगावचा मुलूख तमाशाच्या बाबतीत मोठा चोखंदळ आहे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावचे पंच तेथे फेऱ्या घालू लागतात. सतरंजीवर बैठक जमते, चहा येतो, फडाचा व्यवस्थापक वही उघडून तिथी मोकळी आहे की नाही हे पाहतो, आणि मग जी बोलणी चालतात ती एखाद्या महसुली कचेरीतल्या चौकशीपेक्षा कमी कसोशीची नसतात. वग कोणता? गाणारी कोण? ढोलकीला कोण बसणार? गेल्या खेपेचा सोंगाड्या फडातच आहे ना? सुपारी हजेरी धरून की हजेरीवाचून? हा शेवटचा प्रश्न परक्यास कळणार नाही, आणि माझ्या मते सगळी मेख त्यातच आहे.

हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडाने गावापुढे करावयाची कला. रात्रीचा खेळ गण, गौळण, बतावणी, लावण्या आणि वग अशा क्रमाने पहाटेपर्यंत चालतो. त्याच्या पाठीशी दिव्यांचा झगमगाट असतो, रंगलेले चेहरे असतात आणि अंधारात बसलेल्या समुदायाची धुंदीही असते. हजेरीला यातले काहीच नसते. ऊन चढू लागलेले असते, रात्रभराच्या जागरणाने घसा बसलेला असतो, चेहऱ्यावरची पावडर घामाने ओघळलेली असते, आणि समोर रात्री पुढे येण्यास संकोचलेली जाणती मंडळी, दुपारच्या आखाड्याला उतरणारे पैलवान आणि कडेवर पोरे घेतलेल्या बाया नुसत्या डोळ्यांनी सारे पाहत असतात. अशा प्रकाशात गाणे उभे राहिले तर ते खरोखरच उभे राहिले म्हणायचे. शब्द पोकळ असतील तर ते पोकळ ऐकू येतात. चाल उसनी असेल तर साथीच्या सुरत्यांनी कितीही झील धरली तरी ती झाकत नाही. थिएटरात बसून लावणीची महती सांगणाऱ्या शहरी समीक्षकाला ही सकाळ कधी भेटत नाही, आणि म्हणूनच तो तमाशाला शृंगाराचा बाजार समजून मोकळा होतो. विठाबाईंची खरी परीक्षा त्यांच्या रसिकांनी या उन्हात घेतली, आणि त्या परीक्षेत त्या वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत राहिल्या.

दुसरी कसोटी फर्माइशीची. सुपारीचा खेळ असो की तंबूतला तिकिटाचा, मध्येच कोणी उठून नोट पुढे करी आणि अमुक लावणी झालीच पाहिजे असा हुकूम सोडी. या दौलतजाद्याच्या चालीत जे हीन होते त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पैसा टाकून स्त्रीला राबवण्याचा मद त्यात उघड होता. परंतु त्याच रिवाजाची दुसरी बाजू अशी की, श्रोत्याने मागावे आणि गाणारीने तत्क्षणी द्यावे या सवयीमुळे फडाच्या गायिकेला शेकडो गाणी मुखोद्गत ठेवावी लागत. ती कोणत्या क्रमाने लावायची, कोणते कडवे गाळायचे, कोठे थांबून ढोलकीवाल्याला वाट द्यायची, याचा निवाडा तिला उभ्या उभ्या करावा लागे. या निवाड्यालाही मी रचनाच म्हणतो. कागदावर लेखणीने लिहिलेले पद हे गाण्याचे बीज खरे, पण गाणे पुरे होते ते बोर्डावर. ‘बाई गाणं सांगते’ असे आमच्याकडचे वृद्ध शेतकरी म्हणत, यात मला बाईच्या निवेदनशक्तीची फार अचूक पारख दिसते.

आता कारकिर्दीविषयी. फड म्हणजे नुसती कलावंतांची टोळी नव्हे. तो एक फिरता कारखाना आहे. दसऱ्याला नारळ फुटतो आणि वैशाखाच्या अखेरीस मुक्काम उठतो. तेवढ्या महिन्यांत शंभराच्या आसपास माणसांचे जेवणखाण, गाड्या, तंबू, कनाती, जनरेटर, आजारपणे आणि रुसवेफुगवे हे सारे धन्याने निभवायचे. कलावंतांना पावसाळ्यात उचल द्यायची, त्यासाठी स्वतः सावकाराकडून रक्कम उचलायची, आणि अवकाळी पावसाने चार यात्रा बुडाल्या की जमाखर्चाचे तोंड मिळवता मिळवता वर्ष काढायचे. या व्यवहारात पुरुष धनी बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. विठाबाईंनी स्वतःच्या नावाने फड उभा केला, गाणे आणि गल्ला या दोहोंचा भार एकाच खांद्यावर वाहिला, आणि त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे आपल्या नावाचा फड तितक्याच जोमाने चालवला. पंढरपूर, नारायणगाव आणि मंगलाताईंचे करवडी अशी ही वाट आईकडून मुलीकडे गेली आहे. ज्या मुलखात शेतीच्या उताऱ्यावर बाईचे नाव चढवायला अजूनही तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, तेथे ट्रकच्या दर्शनी भागावर बाईचे नाव रंगवलेले पाहून लहान मुलींना काय वाटत असेल, याचा विचार कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

येथपर्यंत मी गाणारीची बाजू मांडली. परंतु राहुटीतल्या त्या चौकशीत एक प्रश्न कधी येत नाही, तो असा की गाणे कोणी लिहिले.

पूर्वी तो विचारावा लागत नसे. होनाजी, परशराम, सगनभाऊ, आणि अलीकडचे पठ्ठे बापूराव यांच्या लावण्यांत अखेरच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असे. गाणारा कोणीही असला तरी कवीचे नाव उच्चारल्याखेरीज लावणी पुरी होत नसे. ढोलकी फडाचा पसारा वाढला, सिनेमाच्या चालींची स्पर्धा आली, दर हंगामाला नवे वग आणि नवी पदे लागू लागली, तशी ही मुद्रा मागे पडत गेली. पदाच्या वहीवर नाव असेल तेवढेच; श्रोत्यांच्या तोंडी ते फडाचे गाणे झाले. बशीर मोमीन कवठेकर यांचे उदाहरण घ्या. आंबेगावला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचा हा कवी. गण, गौळणी, लावण्या, वग, हुंड्यापासून व्यसनापर्यंतच्या सामाजिक विषयांवरची गीते, असे त्यांनी अनेक नामवंत फडांसाठी भरघोस लिहिले. जन्माने मुसलमान असून गणपतीचे स्तवन आणि कृष्णाच्या खोड्या त्यांनी ज्या सहजतेने रचल्या, तिचे कोणास नवल वाटू नये. जेजुरीच्या सगनभाऊंपासून ती वाट मळलेलीच आहे. खेड्यातल्या माणसाला हायब्रीड बियाण्यापासून फॅशनपर्यंत जे जे नवे भेटत होते, त्यावर त्याच्याच बोलीत मिस्किल भाष्य करण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. २०२१ साली ते गेले. त्यांची पदे गुणगुणणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती त्यांची आहेत याचा पत्ता नसतो. त्यांना २०१८ चा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला तोही विठाबाईंच्याच नावाचा. कवीचा गौरव व्हायला गायिकेचे नाव यावे लागले, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. उलट दोघांची गाठ त्या एका कागदावर पडली हे मला योग्य वाटते.

मंचर-नारायणगावच्या महाविद्यालयांतली मुले आज मोबाइलवर अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट ऐकतात, आणि ती आपली गाणी स्वतः लिहिते म्हणून तिच्यावर लुब्ध असतात. लिहिणारी आणि गाणारी एकच, हे त्यांना प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. या बाईने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी दुसऱ्याच्या हाती गेल्यावर २०२१ पासून तीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली, आणि २०२५ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणेही विकत घेतली. या जिद्दीचे कौतुक करायलाच हवे. परंतु ‘माझे गाणे माझ्या मालकीचे’ हा विचार अमेरिकेतून शिकायला हवा असे नाही. आमच्या शाहिरांनी अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफले तेव्हा त्यांनी नेमके हेच केले होते. त्यांच्याजवळ करारपत्र नव्हते, वकील नव्हता. नाव गाण्यातच बांधून टाकणे एवढी एकच तजवीज होती, आणि ती दोनशे वर्षे टिकली. तिच्या जागी आम्ही दुसरी तजवीज केलीच नाही, ही खरी खंत.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी म्हणेल की तमाशाचे गाणे सामुदायिक असते. कवीने लिहिलेले ढोलकीवाला वळवतो, सोंगाड्या मोडतो, गाणारी पुन्हा जुळवते, मग त्याला एक धनी कसा नेमायचा? आक्षेप बिनबुडाचा नाही, कारण विठाबाईंच्या बाबतीत मी स्वतःच वर तसे म्हटले आहे. परंतु सामुदायिक म्हणजे निनावी नव्हे. ज्यांची ज्यांची मेहनत त्यात आहे त्या सर्वांची नावे लिहावीत, म्हणजे वाद मिटला. सगळ्यांचे आहे असे म्हणून कोणाचेच नाव न लिहिणे हा न्याय नसून आळस आहे, आणि या आळसाचा फटका बहुधा त्यालाच बसतो जो आधीच वेशीबाहेर राहत होता.

काय करता येईल? १९४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण सांगून तमाशावर बंदी घातली आणि पुढे ती उठवली ती संहिता लेखी सादर करून तपासून घेण्याच्या अटीवर. कलावंतांना त्या अटीचा जाच झाला, आणि कारकुनाच्या तांबड्या शाईने कित्येक चांगल्या ओळी मारल्या गेल्या असतील. पण त्याच अटीमुळे वगांच्या लेखी प्रती लेखकाच्या नावासह सरकारी दफ्तरात रुजू होत गेल्या. त्यांतल्या ज्या अजून शिल्लक असतील त्यांची रीतसर यादी सांस्कृतिक कार्य संचालनालयाने करून प्रसिद्ध करावी. पुणे विद्यापीठातील आणि जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना परभाषेतल्या संदर्भग्रंथांमागे धाडण्याऐवजी एखादा पावसाळा, फड घरी असताना, फडमालकांच्या घरची पदांची बाडे उतरवून घेण्यास लावावा. कोणते पद कोणाचे हे सांगणारे सुरते आणि ढोलकीवाले अजून हयात आहेत, पण ते सारे आता म्हातारे झाले आहेत. फडमालकांनाही माझी विनंती आहे की, पुढल्या हंगामाच्या फलकावर वगाच्या नावाखाली गीतकाराचे नाव घालावे. रंगाऱ्याला एक ओळ जास्त लिहावी लागेल, त्याची मजुरी फार नाही.